एक माप मोठं बळ

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, वार बुधवार. पहाटे धुकं इतकं दाट होतं की अंगणातली तुळस दारातून दिसत नव्हती. ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि मग दिवसभर कोवळं, हळदीच्या रंगाचं ऊन पडलं. वारा नव्हता.

त्या दिवशी मोहवाडीची पवळा पहिल्यांदाच एकटी बांगड्या घेऊन निघाली.

पवळा नऊ वर्षांची होती. घर कासाराचं. गावोगाव फिरायचं, बायकांच्या हातांत बांगड्या भरायच्या, हेच त्यांचं काम. तिचे बाबा होते तोवर ते पुढे आणि आई मागे अशी दोघं फिरत. दोन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत बाबा गेले. नवरा गेलेल्या बाईने बांगड्या घालायच्या नाहीत, अशी त्या मुलखातली रीत होती. आईने आपल्या हातांतल्या बांगड्या उतरवून ठेवल्या. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. जिचे स्वतःचे हात मोकळे, तिच्या हातून बांगड्या भरून घ्यायला बायका कचरू लागल्या. "पोरीलाच भरू दे हो," असं म्हणत त्या पवळापुढे हात करू लागल्या. मग आईने माळा उचलायच्या आणि पवळाने बांगड्या भरायच्या, असं ठरून गेलं.

या पावसाळ्यात आईलाही ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या हातांतलं बळ घेऊन गेला. पाण्याचा तांब्यासुद्धा आई आता दोन हातांनी उचलायची, आणि तरी तो थरथरायचा.

म्हणून पवळा एकटी निघाली. दोन्ही खांद्यांवर बांगड्यांच्या माळा होत्या. हिरव्या, पोपटी, डाळिंबी, मोरपंखी, आणि सोनेरी ठिपक्यांच्या राजवर्खी. उन्हात त्या अशा झळकत होत्या की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इवलंसं इंद्रधनुष्यच पायवाटेने चाललंय. पण काच दिसायला हलकी असते, वाहायला नाही. माळांच्या दोऱ्या पवळाच्या खांद्यांत रुतल्या होत्या. घोटवळ गावाची अजून अर्धी वाट उरली होती. मध्ये देवराई लागली, तेव्हा ती एका मोठ्या जांभळीखाली बसली आणि खांद्यांवर फुंकर घालू लागली.

देवराईत झाडांच्या पानांतून उन्हाचे छोटे छोटे कवडसे पडले होते. झऱ्याकाठी अबोलीचा ताटवा फुलला होता. त्या केशरी फुलांच्या मधोमध काहीतरी चमकलं.

पवळाने वाकून पाहिलं. अबोलीच्या झुडपात एक परी बसली होती! उंची पवळाच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताएवढी. पंख चतुरासारखे, पातळ आणि निळसर. केसांत दवाचे थेंब, अंगावर चांदण्यासारखा झगा. तिने डोळे मिटले होते आणि मान एका बाजूला कलती केली होती.

"तुला बरं नाही का गं?" पवळाने हळूच विचारलं.

"शूऽऽ. ऐकतेय मी," परी म्हणाली.

"काय ऐकतेस?"

"तुझ्या बांगड्या. तू चालत आलीस ना, तेव्हापासून ऐकतेय. किती गोड वाजतात! आम्ही पऱ्या दवाच्या बांगड्या घालतो. ऊन आलं की त्या विरतात. आणि वाजत तर मुळीच नाहीत." एवढं बोलून परीने आपले हात पाठीमागे घेतले, आणखी काही म्हणाली नाही.

पवळा कासाराची मुलगी. पाठीमागे लपवलेले हात तिला बरोबर ओळखता येत. तिने माळांमधली सगळ्यांत लहान, तान्ह्या बाळाची बांगडी काढली आणि परीच्या हातात घातली. ती सरळ खांद्यापर्यंत चढली आणि गळून खाली पडली. परीचं मनगट चिंचेच्या देठाएवढं बारीक होतं. त्या मापाची बांगडी कुठून आणायची?

पवळाचा हात गळ्याकडे गेला. मग तिने आपल्या गळ्यातली काचेच्या मण्यांची सर काढली. तिच्या अंगावर तेवढा एकच दागिना होता. सर तिने सोडली, गवताची दोन लांब पाती घेतली आणि एकेक मणी ओवला. लाल, पांढरा, निळा. लाल, पांढरा, निळा. अकरा मणी एका हातात, अकरा दुसऱ्या हातात. परीचा हात गार होता, म्हणून आधी तो तळव्यात धरून ऊबदार केला आणि मग अलगद गाठ मारली.

परीने हात हलवले. मणी एकमेकांवर आपटून अगदी बारीक वाजले, जसं काही दूरच्या गावात कुणी घुंगरू हलवावं. परी इतकी हसली की तिच्या केसांतले सगळे दवबिंदू खाली सांडले.

"पण तुझा गळा मोकळा झाला," ती म्हणाली.

"होऊ दे. कासाराच्या दारातून कुणी मोकळ्या हाताने जाऊ नये, असं आई म्हणते."

"मी मागितलं नव्हतं, तरी तू दिलंस." परी उडून पवळाच्या गुडघ्यावर बसली. "आता तू एक माग. एकच हं."

पवळाला खाऊ आठवला नाही, नवं परकर-पोलकं आठवलं नाही. खांदे ठणकत होते आणि घरी आई तांब्या दोन हातांनी उचलत होती. ती म्हणाली, "परीताई, मला बळ दे. या माळा जड लागू नयेत एवढं."

"देते. कोणत्या मापाचं देऊ? आमच्याकडे बळाची मापं असतात."

आता कासाराच्या घरातली एक सवय सांगायला हवी. लहान मुलीला बांगड्या देताना कासार नेहमी एक माप मोठं देतो. मुलीचा हात वाढता असतो, चार महिन्यांत बांगडी घट्ट होते. पवळाने ही गोष्ट बोलायला लागल्यापासून ऐकली होती. तिने मापं कोणती ते विचारलंच नाही.

"एक माप मोठंच दे," ती म्हणाली. "वाढतं अंग आहे माझं."

"अगं, पण मापं तीनच आहेत. मुंगीचं, माणसाचं, आणि..."

"माणसाच्या वरचं दे की मग! आईसुद्धा अस्संच देते."

परीने पवळाच्या खांद्यांवरचे वळ पाहिले. मग म्हणाली, "बरं. पण नियम ऐक. मी दिलेलं बळ मी परत घेत नाही. तुला ते नकोसं झालं, तर दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचं. पण जो मागेल त्याला देता येणार नाही. मी मागितलं नव्हतं ना? तसंच, न मागणाऱ्या हाताला द्यायचं. तुझ्या हाताला जे काम येतं, त्या कामातूनच द्यायचं. आणि देताना त्या हाताला एवढासा ओरखडा जरी उठला, तरी बळ कायमचं तुझ्याकडे राहील. ध्यानात राहील ना?"

"राहील," पवळा म्हणाली. बळ कुणाला नकोसं होतं? तिला हसूच आलं.

परीने तिच्या दोन्ही तळहातांवर एकेक दवबिंदू ठेवला. ते थेंब एकदा झळकले, आत मुरले, आणि परी दिसेनाशी झाली.

पवळाने माळा उचलल्या. त्या शेवरीच्या कापसासारख्या हलक्या लागल्या! ती नाचत, उड्या मारत निघाली. घोटवळच्या ओढ्यात एक बैलगाडी रुतली होती. गाडीवान "हुर्र हुर्र" करून घसा बसवून घेत होता. "काका, मी हात लावू?" म्हणून पवळाने नुसता तळवा टेकला, तर गाडी बैलांसकट काठावर जाऊन उभी राहिली. बैल मागे वळून बघत राहिले.

माणसाच्या वरचं माप म्हणजे डोंगराचं माप होतं.

घोटवळात भागीरथीकाकूंच्या अंगणात बायका जमल्या. काकूंनी हौसेने हात पुढे केला. पवळाने हिरवी बांगडी उचलली, आणि तिच्या चिमटीतून हिरवा भुगा खाली गळला.

"अगं बाई! वाढवली की!" काकू म्हणाल्या. बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात.

पवळाने दुसरी उचलली. तिसरी उचलली. पाटावर हिरव्या भुग्याची रांगोळी जमली.

"वाढवली कसली, दळलीस की गं तू!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. पण पवळाने भांबावून काकूंचा हात घट्ट धरला मात्र, काकू "आई गंऽऽ" म्हणून किंचाळल्या. त्यांची बोटं लालबुंद झाली, मग निळी पडली. हसणं थांबलं. एकेक करून सगळ्या बायकांनी हात पदराखाली घेतले.

पवळा घरी आली. अंगणाच्या दाराला हात लावला, तर कडी निखळून तिच्या हातात आली. ओसरीवर बसलेली आई उठली. "पवळे, काय झालं गं? इकडे ये," म्हणत तिने पवळाला जवळ घ्यायला हात पुढे केले.

"नको! हात नको लावू मला!" पवळा उडी मारून मागे सरली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून तिने सगळी गोष्ट सांगितली. परी, मणी, माप, नियम, सगळं.

आईने ऐकून घेतलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मापाला चुकलीस होय? माझ्या हातून आयुष्यात कितीदा झालं ते. चल, जेव."

भाकरीचा तुकडा मोडायला गेलं की त्याचं पीठ व्हायचं. म्हणून आईने थरथरत्या हाताने पवळाला घास भरवले. झोपताना पवळाने आपले हात गोधडीत गुंडाळून घेतले आणि ती पलीकडच्या भिंतीशी जाऊन निजली. आईच्या कुशीत झोपल्याशिवाय तिला झोप येत नसे, ही गोष्ट दोघींनाही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं यायला लागली.

"पवळाबाई, विहिरीत धोंडा पडलाय, तेवढा काढाल?" "पवळे, वाटेत वड आडवा झालाय, बाजूला कर की." "बाळे, देवळापुढची दीपमाळ कलली आहे, जरा सरळ धर." पवळा कुणालाच नाही म्हणत नसे. धोंडा काढला, वड उचलला, दीपमाळ सरळ केली. लोक तांदूळ आणून देत, गूळ देत, केळीचा घड देत. घरात धान्य आलं. पण पवळाच्या हातात कुणी हात दिला नाही. तिच्या मैत्रिणी फुगडी घालत, तेव्हा तिला म्हणत, "तू गाणं म्हण हं, पवळे. तू नुसतं गाणं म्हण."

पवळा गाणं म्हणायची. हात पाठीमागे ठेवून.

बळ देऊन टाकायचं तिच्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. पण कुणाला? एकदा रंगू पैलवान आला. मिशीला पीळ देत ओसरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला दे की गं थोडं. जत्रेत तीन वर्षं पाठ टेकतेय माझी. घरी बायको बोलते."

"पैलवानकाका, तुम्ही मागितलंत. आता देता येत नाही."

"मग मी नाही मागितलं असं समज!"

"तसं नाही चालत हो."

"बघ, आता गप्प बसलोय. आता दे." पैलवान खरंच तोंड मिटून, गाल फुगवून बराच वेळ बसला. पवळाला हसू आलं, पण बळ काही गेलं नाही.

मग शिंपी येऊन मागून गेला, पाटलीणबाई मागून गेल्या, शाळेतले गुरुजी लाजत लाजत मागून गेले. ज्यांनी मागितलं नव्हतं, ते पवळा दिसली की रस्त्याच्या पलीकडे जात. घाबरलेल्या हातात कोण बांगड्या भरणार?

दहा दिवस असे गेले. पौर्णिमा आली, शनिवार होता. सकाळी पवळा परसातून आली, तर चुलीपुढे पाणीच पाणी झालं होतं. हंडा आडवा पडला होता आणि आई खाली बसून फडक्याने पाणी टिपत होती. हंडा तिने एकटीने उचलायला घेतला होता.

"मला हाक का नाही मारलीस?" पवळा रडवेली होऊन म्हणाली. "मी एका बोटाने उचलला असता!"

"असू दे गं. सगळा मुलूख तुझ्याकडे मागतोय. त्यात आणखी मी कशाला मागू?"

पवळा दारातच उभी राहिली. तिने आईच्या हातांकडे पाहिलं. आई हसली आणि सवयीप्रमाणे मनगटावर पदर ओढून घेतला. हजारो हात भरले होते त्या हातांनी. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"आई," पवळा म्हणाली, "ओसरीवर चल. पाट घे. हात पुढे कर."

आईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा एकदम उतरला. "नाही, पवळे. ती रीत नाही. मी आता बांगड्या घालत नाही."

"मला दुसरं कुठलं काम येतं? बळ द्यायचं तर बांगडी भरूनच देता येईल."

"लोक काय म्हणतील गं?"

"तू माझ्याजवळ बसलीस तर लोकांचं मी ऐकून घेईन."

आईने पवळाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हात मोडला तरी मला चालेल. पण ओरखडा उठला, तर हे डोंगराचं ओझं जन्मभर तुझ्या हातांत राहील. मला त्याची भीती वाटते."

"मला पण वाटते," पवळा म्हणाली.

मग आई आली. पाटावर बसली आणि तिने पदर मागे सारला. मनगटं काटकीसारखी झाली होती. बांगड्या जिथे असत, तिथे अजून फिकट गोल खूण दिसत होती. पवळाने नजरेनेच माप घेतलं आणि माळेतून मोरपंखी बांगडी काढली. तिचा भुगा झाला. दुसरी काढली. तिचाही झाला. पवळाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"माझ्याकडे बघ," आई म्हणाली. "तू दाबतेस. ढकलायला बघतेस. काही करू नकोस. तळवा उघडा ठेव, मी त्यात बांगडी उभी करते. तू नुसती धर. डोंगर काही करत नाही, पवळे. नुसता उभा राहतो. हात माझा मी घालते."

तिने तिसरी बांगडी पवळाच्या तळव्यात ठेवली. पवळाने बोटं मिटली नाहीत, नुसती टेकवली. ती हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. अंगणात चिमण्या भांडत होत्या, त्यांच्याकडेही तिने पाहिलं नाही. आई आपला हात हळूहळू आत सरकवू लागली आणि बोलू लागली.

"तुला पहिली बांगडी तुझ्या बाबांनी भरली, ठाऊक आहे का? बारा दिवसांची होतीस. सबंध तालुक्यातल्या बायका त्यांच्याकडून हात भरून घेत. पण तुझा हात हातात घेतला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. म्हणाले, 'मला नाही जमत, तूच भर.' मी म्हटलं, 'मी मुळीच भरणार नाही.' मग काय, सकाळी बसले ते दुपारपर्यंत! तू झोपून गेलीस, तेव्हा कुठे..."

बांगडी अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडली. आईचा चेहरा किंचित आवळला. पवळाच्या सगळ्या अंगाला वाटलं, एवढीशी ढकलावी. तिने ढकलली नाही. आईने अंगठा आत मुडपला, हात सैल सोडला.

किण्!

बांगडी मनगटावर जाऊन बसली. आईने हात उलटा केला, सुलटा केला. पवळाने घाबरत घाबरत पाहिलं. ओरखडा नव्हता.

तेवढ्यात ओसरी उजळली. अबोलीच्या केशरी, गवताच्या कोवळ्या हिरव्या, चतुराच्या पंखांसारख्या निळ्या अशा किती किती रंगांच्या ठिणग्या पवळाच्या तळहातांतून वर उडू लागल्या. त्यांच्या मधोमध परी तरंगत होती.

"आईच्या मापाचं आईजवळ राहिलं," परी म्हणाली. "उरलेलं फार मोठं आहे. तेही मी ठेवून घेत नाही, डोंगराला देऊन येते."

"आणि माझं, परीताई?"

"तुझे हात तुझ्यापाशी. बघ बरं, ओळखू येतात का."

पवळाने शेजारचा पाट उचलून पाहिला. तो चांगला जड लागला! ती इतक्या जोराने हसली की चिमण्या उडाल्या. परीने एक गिरकी घेतली. ठिणग्या तिच्याभोवती गोळा झाल्या, त्यांचा एक लहानसा, लखलखता गोळा झाला, तो तुळशीवरून, कौलांवरून, जांभळीच्या शेंड्यांवरून वर वर गेला आणि सकाळच्या उन्हात मिसळून गेला.

पवळाने आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले. दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या. मग आई उठली आणि तिने भरलेला हंडा एका दमात चुलीपाशी नेला. पवळाने तिचे दोन्ही हात भरले. उजव्या हातात चार, डाव्या हातात पाच. सगळ्या मोरपंखी.

पुढच्या बुधवारी, मार्गशीर्ष वद्य चतुर्थीला, आईने माळा खांद्यांवर घेतल्या आणि दोघी घोटवळला गेल्या. भागीरथीकाकूंच्या अंगणात बारा बायका आल्या होत्या. आईचे हात पाहून तिघी उठून घरी गेल्या. राहिलेल्या नऊजणींपैकी पाचजणींनी पवळाकडून बांगड्या भरून घेतल्या आणि चौघींनी आईकडून.